नात्यातली बाई चालणार नाही

४ ऑगस्ट, सोमवार

नाही सांगणार.

आईला मध्ये घातलंस तरी नाही, ऑफिसच्या फोनवर दिवसभर मिस्ड कॉल देत बसलास तरी नाही. आणि काल जे ओरडलास ना, "तू माझी बहीण आहेस की तिची?", ते परत विचारू नकोस. उत्तर झेपणार नाही तुला.

पत्र बघून हसशील. हस. तुझा नंबर मी ब्लॉक केलाय, दादा. फोनवर तू सुरू झालास की माझं एक वाक्य पुरं होत नाही, हे आपलं शाळेपासूनचं आहे. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही. फार तर फाडशील. पण फाडायच्या आधी वाचशील, तेवढं ओळखते मी तुला.

तर तुझी बायको, माझी कल्पिता वहिनी, जुलैत उलव्याच्या फ्लॅटमधून निघून गेली. लग्नाला वर्ष पण झालं नव्हतं. तू न्हावा शेव्याला ऑफिसात होतास. तिनं भांडी घासून ठेवली, गॅस बंद केला आणि गेली. हे तूच आईला सांगितलंस, आणि वर म्हणालास, "अशी जाणारी बाई आधीपासून प्लॅनिंग करत असते." म्हणजे भांडी फेकून गेली असती तर वेडी, घासून गेली तर कारस्थानी. काय करायचं होतं रे तिनं त्या भांड्यांचं?

मी काम करते तो निवारा घरात मार खाऊन बाहेर पडलेल्या बायकांसाठी आहे, म्हणून तुझा सगळा संशय माझ्यावर. ती आमच्याकडे आहे का? आहे असं म्हणणार नाही. नाही असंही म्हणणार नाही. खिजवायला करत नाहीये हे. निवारा सरकारी अनुदानावर चालतो आणि त्या अनुदानाची अटच तशी आहे. आत कोण आहे, कोण नाही, हे त्या बाईच्या लेखी परवानगीशिवाय कुणालाही सांगायचं नाही. नवऱ्याला नाही, बापाला नाही, कुठल्या साहेबाच्या पीएलाही नाही.

शिमग्याला तुम्ही दोघं गावी आला होतात तेव्हा वहिनी फोन उजव्या कानाला लावत होती. आधी डाव्या कानाला लावायची. एवढं मला दिसलं, आणि तेवढंच आज लिहिते.

आरोही

ता.क. पाकिटावर पालीचा शिक्का असेल. मी पालीला नाहीये. इथून जो कुणी बाहेर निघतो त्याच्या हातात मी पत्र देते. पुढचं कुठूनही येईल, नकाशा काढून बसू नकोस.


१३ ऑगस्ट, बुधवार

"विषय : माझी पत्नी सौ. कल्पिता हिचा ठावठिकाणा मिळणेबाबत."

दादा, सख्ख्या बहिणीला विषय घालून पत्र, तेही संस्थेच्या ऑफिसवर? मी प्रमोदिनीताईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. ताई म्हणजे आमच्या निवाऱ्याच्या अधीक्षक. आधी शाळेत मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे अर्ज ऐकताना त्यांचा हात अजून लाल पेन शोधतो. "अक्षर चांगलं आहे हो तुझ्या भावाचं," एवढंच म्हणाल्या.

तू लिहितोस, लग्नाचा दाखला आहे, आधार आहे, रेशनकार्डावर तिचं नाव चढवलंय, झेरॉक्स जोडल्यात, तरी आता "सहकार्य अपेक्षित". बंदरात तू दिवसभर लोकांचा माल सोडवतोस. योग्य कागद दाखवला की कंटेनर सुटतो, सही केली की गेट उघडतं. वहिनी कंटेनर नाहीये. तिच्यावर तुझ्या कंपनीचं सील नाही.

पण तुला नियम आवडतात ना? मग आमचे ऐक, मजा येईल.

एक अट म्हणते, निवाऱ्याचा पत्ता कुणालाही कळता कामा नये. दुसरी म्हणते, योजनेच्या नावाचा ठळक फलक इमारतीच्या दर्शनी भागात लावावा. ताईंनी फलक करून घेतला, चांगला दारापेक्षा मोठा, आणि लावला स्वयंपाकघरात, शेगडीच्या समोर. तपासणीचे साहेब म्हणाले, "अहो बाई, हा काय दर्शनी भाग झाला?" ताई म्हणाल्या, "आमच्या बायकांना दिवसभर हेच दर्शन असतं." साहेबांनी पोहे खाल्ले आणि टिक केली.

मग फोटो. प्रत्येक कार्यक्रमाचा फोटो लाभार्थींसह वर पाठवायचा, ही अट. लाभार्थीचा चेहरा कुठेही दिसू द्यायचा नाही, ही पण अट. म्हणून आमच्या अहवालात नुसत्या पाठी असतात. योगदिन, पाठी. वृक्षारोपण, पाठी. परवा झेंडावंदन आहे, त्याला पण पाठी असणार. एकदा वरून फोन आला, "मॅडम, तुमच्याकडच्या बायका सगळ्या फोटोत रुसल्यासारख्या का उभ्या असतात?"

हसलास ना? थोडा हसला असशील. आता पुढचं.

"एकदा दोघांना समोर बसवून समजवा," असं तू लिहिलंयस. ते आमच्याकडे चालत नाही. बाई दारात आली की आधी पोलिसात जा म्हणायचं नाही, आणि नवऱ्याशी जुळवून घे, परत जा, असा दबाव टाकायचा नाही, ही अट मला पाठ आहे. आणि बसवून समजावणं आपल्या घरी झालंय रे. मे महिन्यात. आई, मावशी आणि देवळाच्या ट्रस्टमधले ते काका, तिघं रांगेत खुर्च्यांवर आणि वहिनी समोर खाली. काका म्हणत होते, "पोरी, राग येतो पुरुषाला, ट्रॅफिक बघ ना काय असतं तिकडे." तू आतल्या खोलीत मॅच बघत होतास. आवाज मोठा होता मॅचचा. वहिनीनं दोनदा विचारलं, "काय म्हणालात?" आणि मावशीला वाटलं ती उद्धटपणा करतेय.

आरोही


२२ ऑगस्ट, शुक्रवार

आईला ब्लॉक करता येत नाही हे तुला बरोबर माहितीये.

"पूर्वा आल्यात गो यंदा," आई म्हणाली. हॅलो नाही, जेवलीस का नाही, थेट पूर्वा. "गौरी पूर्वात आल्यात. कल्पिताचा ओवसा ह्याच साली व्हायला होवा. न्हायतर परत कवा पूर्वा यायची?"

तुझ्या डोक्यातली ही कल्पना असणार, कारण आई एवढं पंचांग बघत नाही. पण पकडलीस बरोबर. गौरी पूर्वा नक्षत्रात येतील त्याच वर्षी नव्या सुनेनं सुपं भरून गौरीसमोर ओवसायचं, मग ती सासरच्या थोरांच्या हातात द्यायची. पूर्वा चुकली की सून वर्षानुवर्षं बिनओवशाची राहते आणि शेजारणी विचारत राहतात. आईला मारामारी समजावता आली नाही कुणाला. हे समजतं.

"आई, तिच्या कानाचं काय?"

"व्हय, पण ओवसा कानानं थोडीच करायचा हाय."

विनोद करते आणि नंतर तिलाच लागतो.

"सुजितनं नथ केलीय तिला," मग हळूच म्हणाली. "सुपाबदली घालायची. मोत्याची. मी बघितली, चांगली हाय."

कान फोडलास आणि नाकाला दागिना आणलास.

हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि परत लिहिलं. राहू दे. तू आईला सांगितलंयस की एक थप्पड होती, आणि ती पण चुकून बसली. तू कॉलेजात व्हॉलीबॉल खेळायचास, दादा. तुझा हात चुकून कुठे बसत नाही.

आईला मी एवढंच म्हणाले, की मला काही माहिती नाही. ती म्हणाली, "बरं. पण नऊवारी लागंल तिला, माझी हिरवी काढून ठेवते."

तू माझ्याशी भांड. तिला हिरवी साडी काढायला लावू नकोस.

आरोही


३ सप्टेंबर, बुधवार

हुशार आहेस. मान्य. सुपांवरून पकडलंस.

इथून पुढे मी जे लिहिणार आहे त्याला वहिनीची लेखी परवानगी आहे. कागद ताईंच्या फाइलला लागलाय. तिनं मला हे पत्र वाचायला लावलं आणि दोन वाक्यं काढायला लावली, ती तुला कधीच कळणार नाहीत.

हो. ती आमच्याकडे आहे.

आता चूक कशी झाली ते सांगते, म्हणजे तुला फुशारकी मारायला मिळेल. आईचा फोन झाल्यावर मी वहिनीला सहज सांगितलं, पूर्वा आहे म्हणून. वाटलं, हसेल. ती म्हणाली, "मग सुपं आण."

"तू ओवसणार? इथे?"

"घर सोडलंय, आरोही. गौर कुठे सोडलीय?"

सुपं कुठेही मिळतात. आमच्या इथे नाक्यावर ढीग लागलेला असतो गणपतीत. पण सुपं म्हटलं की माझी स्कूटी आपोआप माणगावला वळते. आपल्या घरची सुपं कोकिळाबाईनंच विणायची, पणजीच्या आधीपासून. एम.ए. झाले, जगाला शहाणपण शिकवते, आणि ओवशाचं सूप दुसरीकडूनही घेता येतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कोकिळाबाईनं विचारलं, "कुणाचा गो ओवसा?" मी म्हणाले, "आमचाच." घाईत होते. ती पण घाईत होती.

दोन दिवसांनी आई गेली तिच्याकडे, न सांगता, आशेवर. कोकिळाबाई म्हणाली, "आता परत कशाला? तुमची पोर न्येली की कवाच!"

आई एवढी खूश झाली की तिथूनच तुला फोन केला. तिला वाटलं सून गौरीला घरी येतेय. तुला वेगळंच वाटलं. आरोहीचं लग्न झालेलं नाही, तिला कशाला सुपं? म्हणजे कल्पिता आरोहीजवळ. शाब्बास. पण आईनं तुला आनंदानं सांगितलं होतं, आणि तू त्यातून माग काढलास, हे तिला कुणी सांगू नये असं मला वाटतं. मी नाही सांगणार. तू पण नको सांगूस.

ओवसा झाला. तो ऐक. नावं नाहीत, गावं नाहीत.

तेरड्याची गौर केली. फलकाच्या खाली पाट मांडला, कारण शेगडीसमोर तीच एक मोकळी भिंत. म्हणजे योजनेचं नाव, मंत्रालयाची मुद्रा आणि खाली गौर, झेंडूची माळ घालून. वहिनीनं माझी निळी साडी नेसली. सुपांत काकडी, पडवळ, खोबऱ्याची वाटी, हळदीची पानं, दोरा. एक बाई म्हणाली, "हे नवऱ्याच्या आयुष्यासाठी असतं ना गो?"

"असेल," वहिनी म्हणाली. "त्याचं आयुष्य आहे त्याच्याजवळ, ठणठणीत. मी माझ्यासाठी ओवसतेय."

सासरचे थोर नव्हते, म्हणून सुपं तिथल्या बायकांच्या हातात गेली. एक ताईंना. एकीनं आधी हातच मागे घेतला, म्हणाली आमच्यात नसतं हे, पाप लागायचं मला किंवा तुला. मग सूप उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाली, "वीण झकास आहे पण. तांदूळ पाखडीन." एक मला मिळालं. एक वहिनीनं बाजूला ठेवलं आणि कोकिळाबाईकडे पाठवलं, आईसाठी. सासूचा मान सासूला जातो, असं म्हणाली. तुझं सूप नव्हतं, दादा. शोधू नकोस.

फोटो काढला, अहवालाला लागतो. सगळ्यांच्या पाठी आणि डोक्यावर सुपं. वरून फोन आला तर म्हणू, रुसलेल्या नाहीत, गौरीकडे तोंड आहे.

आरोही


१२ सप्टेंबर, शुक्रवार

मला वाटलं होतं तू चिडशील. दारू पिऊन ऑफिसात येशील, ताईंना शिव्या देशील. तेवढी तयारी होती माझी. तू अर्ज केलास.

जिल्ह्याच्या ऑफिसात, पोचपावतीसकट, प्रत तीन ठिकाणी. "सदर संस्थेने आपल्या कर्मचारी कु. आरोही हिच्या नात्यातील महिलेस लाभार्थी म्हणून दाखवून शासनाची फसवणूक केली असून अनुदान तात्काळ रोखण्यात यावे."

कबूल, तू अटी वाचल्यास. खरंच बसून वाचल्यास. ती अट आहे. निवाऱ्यात काम करणाऱ्याच्या रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यातली बाई लाभार्थी म्हणून चालणार नाही. कुठेतरी लोकांनी आपल्या मावश्या, आत्या, चुलत बहिणी खाटांवर झोपवून अनुदान लाटलं असणार, म्हणून ती घातली. चोरांसाठी केलेली अट. तुला उपयोगी पडली.

वहिनी आली त्या दिवशी मी ताईंना पहिल्याच मिनिटाला सांगितलं होतं, की ही माझी भावजय आहे. ताई चष्मा पुसत बसल्या. कुठल्याही बाईला दारातून परत पाठवायचं नाही, ही पण अट आहे. "दोन्ही एकदम पाळता येत नाहीत," त्या म्हणाल्या. "आधी आत घे. पाणी दे. मग बघू कुठली मोडायची ते." मी पाणी दिलं. वहिनीनं उजवा कान माझ्याकडे करून विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हणाले, "राहा म्हणाल्या."

आता तुझ्या अर्जानं काय होईल ते सांगते. अनुदान थांबलं तर निवारा बंद होईल. वहिनी जाईल ती एकटी जाणार नाही. सूप पाखडायला घेणारी जाईल, कडेवर पोर असलेली जाईल, रात्री दार लावलं का म्हणून सतरांदा उठून बघणारी जाईल. आपापल्या सुजितांकडे. तुला एक बाई हवी आहे आणि त्यासाठी तू अख्खं छप्पर काढायला निघालास.

आणि ती पांढरी गाडी. काचेला काळी फिल्म लावली म्हणजे मला कळणार नाही? मागच्या काचेवर अजून आपल्या शाळेचं माजी विद्यार्थी संघाचं स्टिकर आहे. संस्थेचं ऑफिस उघड्यावर आहे, निवारा नाही. सोमवारी त्या ऑफिसपासून माझ्या स्कूटीच्या मागे होतास. मी नाक्यावर तुला बघितलं आणि निवाऱ्याकडे वळलेच नाही, सरळ समुद्रावर गेले. एक प्लेट भेळ खाल्ली. तू गाडीत. दुसरी खाल्ली. तू गाडीत. तिखटानं डोळ्यांतून पाणी येत होतं, तुला वाटलं असेल रडतेय. मंगळवारी परत तेच. तेव्हापासून मी निवाऱ्यात पाऊल ठेवलेलं नाही, मैत्रिणीकडे झोपते. तुला गाव कळलंय. घर कळलेलं नाही. ते माझ्या स्कूटीच्या पुढच्या चाकात आहे आणि ते चाक मी तिकडे वळवणार नाही.

पण तू नाक्यावर उभा असतोस म्हणून वहिनीला बाहेर पडता येत नाही. उलव्याला पण हेच होतं ना? तू बाहेर कुलूप लावून जायचास. तिनं सांगितलंय. हे लिहायची परवानगी आहे.

आरोही


१७ सप्टेंबर, बुधवार

चौकशी झाली. तुला कळवतील रीतसर, पण सरकारी पत्राला वेळ लागतो आणि त्यात मजा नसते.

श्रद्धा मॅडम आल्या होत्या जिल्ह्याहून. वाईट बाई नाहीये. गाडी लांब सोडून, तोंडाला ओढणी बांधून, चालत आल्या. मला पण ताईंनी मागच्या वाडीतून, सुपारीच्या झाडांमधून आणलं, त्याचा वाटाड्या तुला मिळणार नाही. येताना ताई कानात म्हणाल्या, "गावातली ओळखीची आहे, एवढंच सांग. नातं तू काढू नकोस. पुढचं मी बघते." मुख्याध्यापिका, सगळ्या जन्मात खोटं बोलली नसेल. मी हो म्हणाले. मी बोलणार होते खोटं, दादा, एकदम सरळ चेहऱ्यानं. तुझीच बहीण आहे.

मॅडमनी माझ्याकडे बघत वहिनीला विचारलं, "ही तुमची कोण?"

मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली, "नणंद. सख्खी."

ताईंनी डोळे मिटले.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "अहो, तुम्ही नवऱ्याकडे जायचं नाही म्हणता. वेगळं व्हायचं म्हणता. मग ही नणंद कशी राहते?"

"लग्न त्याच्याशी झालं होतं, मॅडम. तो जातोय. ही मला त्याच्याबरोबर मिळाली, पण त्याची नाही."

"असं कायद्यात नसतं हो."

"असू दे नसतं. खोटं मी त्या घरी खूप बोलले. पडले म्हणाले, दार लागलं म्हणाले. इथे नाही बोलणार."

मॅडमनी फलकाकडे बघितलं. माळ अजून तशीच होती, वाळलेली. मग म्हणाल्या, "तक्रारदार हुशार आहे. अटीवर बोट ठेवलंय. ह्या दोघी एका छपराखाली, एक कामाला आणि एक आश्रयाला, असं मला दाखवता येणार नाही. दोघींपैकी एक. शुक्रवारपर्यंत मला कळवा." आणि दारात वळून ताईंना म्हणाल्या, "बाई बाहेर पडली पाहिजे असं अटीत कुठेही लिहिलेलं नाही हं. कर्मचारी गेली तरी चालेल."

वहिनी मला म्हणाली, "मी जाते. मला नाशिकला घेतील म्हणतात."

मी म्हणाले, "तू कुठे जातेस? सामान कुणी आवरायचं?"

"तुझी नोकरी, आरोही."

"नोकरी माझी आहे. मी काय वाट्टेल ते करीन."

राजीनामा मी तिथेच लिहिला, शेगडीजवळ उभी राहून. एकाच ओळीचा. ताईंनी लाल पेन काढलं, वाचला, काही खुणा न करता सही केली.

तर असं. तुझ्या अर्जाला यश आलं. निवाऱ्यातून एक बाई बाहेर पडली. अनुदान चालू आहे, छप्पर जागेवर आहे, वहिनी खाटेवर आहे. फसवणूक संपली, कारण आता तिची तिथे कुणी नातेवाईक नाही.

आरोही


१९ सप्टेंबर, शुक्रवार

एसटी स्टँडच्या बाकावरून लिहितेय. समोर रस्त्यापलीकडे तुझी गाडी आहे. तू काच थोडी खाली घेऊन वडापाव खातोयस आणि चटणी शर्टावर सांडलीये, पुसून घे.

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा दोन-तीन दिवस गेलेले असतील, म्हणून सगळं लिहायला हरकत नाही. वहिनीला विचारलं. म्हणाली, "लिही. दाखला हातात पडल्यावर कळलं तर कळू दे त्याला."

आज तिची कानाची तपासणी आहे, मोठ्या सरकारी दवाखान्यात. तारीख दोनदा बदलली, कारण तू नाक्यावर होतास आणि दवाखान्याचा रस्ता नाक्यावरूनच जातो. आज चुकली तर पुढची दिवाळीनंतर. तपासणी झाली की कान कशानं गेला त्याचा दाखला मिळतो, आणि तो दाखला कोर्टात जातो. "चुकून बसली" हे तिथे सांग. तिथे पंखाही हळू फिरतो, सगळ्यांना नीट ऐकू येतं.

मी आता तिथली कुणी नाही. तरी कुणाची माहिती द्यायची नाही ही अट नोकरी सुटल्यावरही लागू राहते, आणि ती मी पाळणार आहे. पण माझी स्वतःची माहिती मला कुणालाही देता येते. तर घे माझी माहिती. टाकी फुल केलीये. पाठीवर बॅग आहे, कपडे भरून, तुला लांबून दिसेल अशी लाल. तुला वाटेल, आरोही सामान घेऊन निवाऱ्याकडे निघाली, आज घर सापडलं. मी आधी हळू चालवणार आहे. सिग्नलला थांबणार आहे. तुला माझी पाठ सतत दिसत राहील एवढं अंतर ठेवणार आहे. मग हायवेला लागणार. माणगाव मागे पडेल, महाड मागे पडेल. तू मागे, एसी लावून, मनात म्हणत असशील, किती लांब ठेवलंय हिला.

इकडे नाका मोकळा. एक रिक्षा निघेल. तिच्यात ताई असतील आणि वहिनी असेल, आणि पडदा लावलेला नसेल.

घाट चढेपर्यंत तपासणी संपली असेल. मी कुठे थांबेन ते मी अजून ठरवलेलं नाही. पुण्यात एक काम आहे, कोल्हापुरात एक ओळख आहे, किंवा तिसरंच काहीतरी. आईला मी स्वतः सांगेन, तू मध्ये पडू नकोस. मला लिहू नकोस, पत्ता नाही. फोन ब्लॉकच आहे. तुला माझ्याशी बोलायचंय हे मला माहितीये, गेले दहा-बारा दिवस तू काचेतून बोलतोयस. बोल. हेल्मेटमध्ये मला काही ऐकू येत नाही.

तू वडापावचा कागद चुरगळलास. आता गाडी सुरू करशील.

पत्र पेटीत टाकते. मग तुझ्या गाडीच्या अगदी पुढून जाते, म्हणजे चुकायचास नाही.

चल दादा. ये मागे.